पिस्तुलाची साइट बदलण्याआधी

महूच्या वर्कशॉपमध्ये आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर, होतो, आता रामबागेत घरीच असतो. परवाना असलेले ओळखीचे लोक मोबाइलवर हिरव्या चमकत्या साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणांचे, फोटो घेऊन येतात. "काका, यातली कुठली बसवू?" मी आधी वय विचारतो.

चाळिशीनंतर हातभर अंतरावरची माशी, म्हणजे नळीच्या टोकाची साइट, धूसर होऊ लागते. मागच्या साइटची खाच, माशी आणि लक्ष्य तिन्ही एकदम स्वच्छ कुणालाच दिसत नाहीत. स्वच्छ दिसायला हवी ती माशी. नेमबाजीसाठी त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेता येतो. पण स्वसंरक्षणाचं पिस्तूल रात्री दोन वाजता उचलावं लागलं, तर तो चष्मा कपाटातच राहणार. म्हणून नेहमीच्या चष्म्यातून, नाहीतर उघड्या डोळ्यांनी, जी माशी पटकन सापडते तीच तुमची.

ते घरीच बघता येतं. मॅगझिन काढा, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग संध्याकाळी दिवा न लावता भरीव भिंतीवर नेम धरा. खाचेत माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची फट दिसते का? माशी 3 मि.मी. रुंद असेल तर खाच साधारण 3.6 ते 3.8 मि.मी. असावी, असं माझं मत. अरुंद खाचेत नेम बारीक बसतो, पण माशी शोधण्यात वेळ जातो.

तीन पांढऱ्या ठिपक्यांचा मला राग आहे. घाईत नजर मागच्या दोन ठिपक्यांवर अडकते. मागची साइट सपाट काळी आणि पुढे एकच भडक ठिपका, ही जोडी उत्तम. नवीन काही विकत घेण्याआधी माशीवर नारिंगी नेलपॉलिशचा थेंब लावून बघा. कित्येकांचं काम तिथेच संपतं.

ट्रिटियम या किरणोत्सारी वायूमुळे अंधारात चमकणाऱ्या साइटला बॅटरी लागत नाही, पण ट्रिटियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात चमक निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. जुना माल घेताना बनावटीचं वर्ष पाहा. शिवाय ती फक्त साइट दाखवते, समोरचा कोण ते नाही. अंधारात दारात चोर आहे की उशिरा आलेला मुलगा, हे टॉर्चशिवाय कळत नाही. आणि टॉर्च लावला की उजळलेल्या भिंतीवर साधी काळी माशीसुद्धा ठळक दिसते. आधी टॉर्च घ्या.

लाल ठिपका, म्हणजे काचेत उजेडाचा ठिपका दाखवणारी रेड डॉट साइट, म्हाताऱ्या डोळ्यांना खरोखर सोयीचा, कारण नजर लक्ष्यावरच ठेवता येते. 3 एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका 25 मीटरवर सुमारे 2.2 सें.मी. झाकतो. तो स्वल्पविरामासारखा फाटलेला दिसला तर मोबाइलने काचेतून फोटो काढा. फोटोत गोल आला तर दोष डोळ्याचा, बहुधा ॲस्टिग्मॅटिझमचा, म्हणजे डोळ्याच्या वक्रतेतल्या फरकाचा.

पण बसवायचा कशावर? 9 एमएम बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप) पिस्तूल आपल्याकडे साधारण परवान्यावर मिळत नाही. हातात असतं ते .32 बोअरचं. बऱ्याच .32 रिव्हॉल्व्हरना मागची साइट म्हणजे फ्रेममध्येच कोरलेली खाच, आणि जुन्या पिस्तुलांची माशी स्लाइडचाच, म्हणजे वरच्या सरकत्या भागाचाच, हिस्सा. तिथे बदलण्यासारखं काही नसतं, रंगच लावावा. ग्लॉकसारख्या पिस्तुलांत मागची साइट स्लाइडवरच्या आडव्या खोबणीत बसवलेली असते आणि पुढची खालून स्क्रूने कसलेली, म्हणून परदेशातल्या व्हिडिओंत सगळं सोपं वाटतं. इथे कापाकापी स्वतः करू नका. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा परवानाधारक कारागिराकडेच जा, आणि शस्त्रावर कोरलेल्या नंबरावर कानस फिरू देऊ नका.

बदल झालाच तर रेंजवर, टेकणीवर हात ठेवून, 10 मीटरवरून तपासा. गोळ्या खाली लागत असतील तर माशी कमी उंचीची हवी, वर लागत असतील तर जास्त. किती, ते असं काढा: चूक (गोळी नेमापासून किती दूर लागली) गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. 50 मि.मी. खाली आणि साइटमधलं अंतर 150 असेल तर 50 × 150 ÷ 10000, म्हणजे 0.75 मि.मी. डावी-उजवी चूक असेल तर गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट सरकवायची. जुळली की साइट आणि स्लाइड दोन्हींवरून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की साइट हलली.