जुन्या पीसीवर यूट्यूबचे पिक्चर अडकत होते, ते असं सुरळीत केलं

सांगलीत घरी जुना डेस्कटॉप एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडलाय, आईबाबांना यूट्यूबवरचे जुने मराठी पिक्चर मोठ्या पडद्यावर बघता यावेत म्हणून. पण फुल एचडी लावलं की चित्र अडकायचं आणि आवाज आपला पुढं पळायचा. जो तो म्हणायचा नेट स्लो आहे, पण फुल एचडीला साधारण ५ एमबीपीएस पुरतं आणि आमच्याकडं स्पीड त्याच्या कितीतरी पट येत होता, मग विंडोजचा टास्क मॅनेजर (कशावर किती लोड आहे ते दाखवणारा) उघडला तर सीपीयू म्हणजे प्रोसेसर १०० टक्के! व्हिडिओवर राईट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' (व्हिडिओची तांत्रिक माहिती) बघितलं, कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करायचा फॉरमॅट होता व्हीपी९. हा फॉरमॅट जुन्या ग्राफिक्स चिपला झेपत नाही, सगळा लोड प्रोसेसरवर येतो. क्रोममध्ये 'एच२६४इफाय'सारखं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलं की यूट्यूब जुन्या एच.२६४ फॉरमॅटमध्येच व्हिडिओ पाठवतं, तो चिपला जमतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडं द्यायची सोय) मात्र चालू पाहिजे हं, नायतर काय उपयोग नाही. सीपीयू लगेच खाली आला, पिक्चर एकदम स्मूथ. नवीन पीसी घ्या म्हणणाऱ्यांचं ऐकायच्या आधी एवढं करून बघाच. आणि आवाज टीव्हीतून येत नसेल तर खाली कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुटला टीव्ही निवडा.