जी-रेशो काढताना व्यास नको, क्षेत्रफळ मोजा
मायलिनचं (चेतातंतूभोवती गुंडाळलेल्या चरबीयुक्त थरांचं) आवरण तंतूच्या मानाने किती जाड आहे, हे जी-रेशो सांगतो: अ‍ॅक्सॉनचा (तंतूच्या आतल्या गाभ्याचा) व्यास भागिले मायलिनसकट अख्ख्या तंतूचा व्यास. पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या चित्रात तंतू क्वचितच गोल असतात. चेपलेल्या तंतूचा व्यास आडवा घेतला की एक उत्तर, उभा घेतला की दुसरंच. म्हणून इमेज-जे या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मायलिनची आतली आणि बाहेरची कड ट्रेस करा, आतलं क्षेत्रफळ बाहेरच्याने भागा, वर्गमूळ घ्या. तिरके कापलेले किंवा मायलिनचे थर सुटलेले तंतू सरळ वगळा. आणि नुसत्या सरासरीवर कृपया थांबू नका. निरोगी परिघीय (मेंदू आणि मज्जारज्जूबाहेरच्या) चेतेत ती साधारण ०.६ ते ०.७ येते, पण बारीक तंतूंचं मायलिन पातळ झालंय की जाड्यांचं, हे जी-रेशो अ‍ॅक्सॉनच्या व्यासासमोर आलेखावर मांडल्यावरच दिसतं.