प्रिसिजन बेसवर मनाजोगा नाद कसा मिळवावा

फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस हा बेस गिटार १९५१ मध्ये बाजारात आला आणि १९५७ मध्ये त्याला जो दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचे कंपन विद्युत संकेतात बदलणारे चुंबकी साधन) मिळाला, तोच मूळ घाट कायम राखून आजही त्यावर बसवला जातो. एक पिकअप, व्हॉल्यूमचा एक आणि टोनचा एक नॉब, एवढीच त्याची सामग्री आहे. पुष्कळ वादक हे वाद्य घेतात, थोडे दिवस वाजवतात, आवाज कोंदट किंवा कोरडा आहे असे ठरवतात आणि लगेच दुसरा पिकअप शोधू लागतात. हा क्रम मला चुकीचा वाटतो. या वाद्याचा नाद प्रामुख्याने तार छेडणाऱ्या हातावर, तारांच्या प्रकारावर आणि तारा व फ्रेट (नेकवरच्या, म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटर अंतरावर ठरतो, आणि या तिन्ही गोष्टी पिकअप न बदलता आपल्या ताब्यात येऊ शकतात.

सुरुवातीला बेसवरचे दोन्ही नॉब पूर्ण उघडावेत, अँप्लिफायरचे सर्व नॉब मध्यावर ठेवावेत, मध्ये आवाज बदलणारे कोणतेही पेडल ठेवू नये आणि आपल्याला पाठ असलेली एकच साधी ओळ आठवडाभर वाजवून तिचे ध्वनिमुद्रण ऐकावे. वाजवताना आपल्याला ऐकू येणारा आवाज आणि मुद्रणातला आवाज यांत बराच फरक असतो, त्यामुळे नेमके काय खटकते हे मुद्रण ऐकल्यावरच कळते. खटकणारी गोष्ट शब्दांत लिहून ठेवावी: खालच्या, म्हणजे जाड तारेचा स्वर पसरतो, वरच्या, म्हणजे उंच स्वराच्या तारा बारीक वाटतात, बोटांची घासघास ऐकू येते, स्वर लवकर विझतो. 'आवाज चांगला नाही' एवढ्या नोंदीवरून काहीच दुरुस्त करता येत नाही.

त्यानंतर तारा ठरवाव्यात. हा निर्णय आधी घ्यावा लागतो, कारण तारांचा ताण बदलला की नेकचा बाक बदलतो आणि आधी केलेली सगळी जुळणी पुन्हा करावी लागते. राउंडवाउंड तारेवर गोल तार गुंडाळलेली असते. तिच्यातून वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत निघणारे उंच स्वर) भरपूर निघतात, स्वर लांबतो आणि जोरात छेडल्यास एक गुरगुर येते. ही झळाळी मात्र नियमित वाजवल्यास काही आठवड्यांत कमी होते. फ्लॅटवाउंड तारेवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते, त्यामुळे ती बोटाखाली गुळगुळीत लागते, बोट सरकल्याचा आवाज जवळजवळ येत नाही आणि स्वराचा मूळ भाग पुढे येऊन तो भरीव, गोल ऐकू येतो. अशी तार अनेक वर्षे टिकते आणि बऱ्याच वादकांच्या मते जुनी झाल्यावर अधिक चांगली वाजते. मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या ध्वनिमुद्रणांवर वाजवणारे जेम्स जेमर्सन आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड तारा लावत आणि त्या क्वचितच बदलत.

फ्लॅटवाउंड म्हणजे मंद आवाज, असा समज मात्र करून घेऊ नये. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे स्टीव्ह हॅरिस प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच वापरतात, आणि त्यांचा खणखणीत, फ्रेटवर आपटणारा आवाज ओळखायला एक क्षणही लागत नाही. तार तीच असली तरी हात वेगळा आणि तारांचे वय वेगळे असते. ज्यांना अजून आपल्या आवडीचा अंदाज नाही, त्यांनी ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा निकेलचा राउंडवाउंड संच लावावा. पोलादी तारांपेक्षा तो सौम्य असतो आणि त्यावरून कोणत्या बाजूला सरकायचे हे ठरवता येते. नवा संच लावल्यावर लगेच निर्णय देऊ नये. पहिल्या काही दिवसांतली झळाळी हा त्या तारांचा कायमचा स्वभाव नसतो.

आता जुळणीकडे वळता येईल. बेस नेहमीच्या सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकदम दाबून धरणारी पकड) लावावा, शेवटच्या फ्रेटजवळ सर्वांत जाड ई तार दाबून धरावी आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यामधली फट पाहावी. साधारण ०.३ मिलिमीटर फट योग्य असते. ती जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारा आतला धातूचा दांडा) घड्याळाच्या दिशेने घट्ट करावा, अजिबात नसेल तर उलट दिशेने सैल करावा. एका वेळी पाव वेढ्याहून अधिक फिरवू नये आणि प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावून मगच मोजावे. जुन्या घाटाच्या नेकवर हा रॉड फिरवायचा स्क्रू नेकच्या शरीराकडील टोकाला असतो आणि त्यासाठी नेक सैल करावा लागतो. ज्यांनी हे पूर्वी केलेले नाही त्यांनी जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. रॉड फिरत नसेल तर जोर लावू नये.

कॅपो काढून सतराव्या फ्रेटपाशी तारांची उंची मोजावी. ई तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर आणि सर्वांत बारीक जी तारेखाली सुमारे २ मिलिमीटर ही चांगली सुरुवात आहे. इथे बहुतेक जण तारा शक्य तितक्या खाली आणतात आणि मला वाटते की प्रिसिजनचा नाद हरवतो तो याच पायरीवर. तार फार खाली असली की जोराने छेडल्यावर ती फ्रेटला आदळते, स्वराचा पाया कापला जातो आणि वादक नकळत हात आखडता घेतो. जेमर्सन यांच्या बेसवर तारा बऱ्याच उंच होत्या असे सांगतात. तितक्या उंचीची गरज नाही, पण अर्धा मिलिमीटर वर नेऊन आठवडाभर वाजवून पाहावे. बोटांना थोडे अधिक श्रम पडतील आणि स्वर मोकळा होईल. हा सौदा परवडतो की नाही हे ज्याच्या त्याच्या बोटांनी ठरवावे. शेवटी मोकळ्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसते बोट टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच जागी दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवावेत: दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (शरीराकडच्या टोकाला, ब्रिजवर तार जिथे टेकते तो टेकू) मागे न्यावे, उतरता असेल तर पुढे आणावे.

पिकअपची उंची हा या बेसवरचा सर्वात दुर्लक्षित स्क्रू आहे. शेवटचा फ्रेट दाबून धरल्यावर ई तारेपासून पिकअपच्या पोलापर्यंत (चुंबकाच्या वरच्या टोकापर्यंत) सुमारे २.८ मिलिमीटर आणि जी तारेपासून सुमारे २ मिलिमीटर अंतर ठेवावे, आणि तिथून पुढे कानाने जावे. पिकअपचे दोन तुकडे असल्यामुळे प्रत्येकाची उंची स्वतंत्रपणे बदलता येते. ई आणि ए तारांखालचा तुकडा नेकच्या बाजूला, तर डी आणि जी तारांखालचा तुकडा ब्रिजच्या बाजूला असतो, म्हणून वरच्या दोन तारा थोड्या टोकदार वाजतात. त्या बारीक वाटत असतील तर त्यांचा तुकडा किंचित वर घ्यावा. दोन्ही तुकड्यांची गुंडाळी परस्परविरुद्ध असल्यामुळे बाहेरून येणारी घरघर कापली जाते. त्यामुळे एवढे करूनही घरघर येत असेल तर दोष पिकअपच्या रचनेत नसून जोडणीत, अर्थिंगमध्ये किंवा केबलमध्ये शोधावा. पिकअप तारांच्या फार जवळ नेला की चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेट्सवर स्वर डगमगतो. असा डगमगलेला स्वर ऐकू आला की पिकअप खाली न्यावा.

एवढे झाल्यावर खरा विषय उरतो, तो म्हणजे तार छेडणारा हात. तार जिथे छेडली जाते त्यावरून तिच्यातले कोणते उपस्वर उमटतील हे ठरते. नेकच्या टोकाजवळ छेडल्यास स्वर रुंद आणि मऊ येतो, ब्रिजजवळ छेडल्यास कोरडा आणि आखूड, आणि पिकअपच्या वर छेडल्यास प्रिसिजनची ती ओळखीची, मधल्या पट्ट्यात दाटलेली ठोस हाक येते. एकच ओळ या तीन जागांवर, नॉबला हात न लावता, सावकाश वाजवून पाहावी. हा सराव मी प्रत्येक नव्या वादकाला आधी करायला सांगेन, कारण टोनच्या नॉबने होणाऱ्या बदलापेक्षा इथे होणारा बदल मोठा असतो. सवयीने अंगठा पिकअपवर टेकवून हात कायम एकाच जागी ठेवला जातो. अंगठा मोकळा ठेवून तो तारांवरून सरकता राहिला तर हात नेक आणि ब्रिज यांच्यामध्ये सहज हलू शकतो आणि खालच्या तारा आपोआप दबलेल्याही राहतात.

बोट तारेला कसे भिडते हेही महत्त्वाचे आहे. बोटाच्या मऊ गादीने तार खोलवर ढकलून सोडली तर स्वर जाड येतो, टोकाने हलके खरवडली तर तो पातळ आणि चपळ येतो. जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवत. त्यामुळे प्रत्येक स्वराला एकाच बोटाचे वजन मिळे आणि ओळ सलग ऐकू येई. दोन बोटांनी वाजवणाऱ्यांनी दोन्ही बोटांचा आवाज सारखा येतो का हे मुद्रणात तपासावे. मधले बोट लांब असल्यामुळे बहुधा ते अधिक जोरात वाजते. पिकने वाजवणे कमी प्रतीचे मानण्याचे काहीच कारण नाही. अमेरिकी स्टुडिओवादक कॅरोल के यांनी १९६० च्या दशकात पिक आणि म्यूट (तारेचे कंपन लवकर दाबणे) यांच्या जोरावर असंख्य ध्वनिमुद्रणांत स्पष्ट, लयीला धरून चालणारा बेस वाजवला आहे.

म्यूट हा विषय तर हातात येताच वाद्य बदलून टाकतो. सुरुवातीच्या प्रिसिजनवर ब्रिजवर धातूचे झाकण असे आणि त्याच्या आतल्या बाजूला तारांना टेकणारा स्पंज असे. झाकण नसले तरी मऊ स्पंजची एक पट्टी ब्रिजजवळ तारांखाली सरकवता येते. ती इतकीच दाबलेली असावी की स्वर उमटेल, त्याची उंची स्पष्ट कळेल आणि तो लवकर विझेल. स्पंज घट्ट असेल तर नुसता ठोका उरतो. पट्टी नको असेल तर तळहाताची कड ब्रिजवर टेकवून अंगठ्याने छेडावे.

टोनच्या नॉबबद्दल थोडेच सांगायचे आहे. हे निष्क्रिय, म्हणजे बॅटरीविना चालणारे परिपथ असल्यामुळे नॉब केवळ वरचे स्वरपट्टे कापतो, काहीही वाढवत नाही. फ्लॅटवाउंड तारांवर तो पूर्ण उघडा ठेवून आणि राउंडवाउंडवर अर्ध्याच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. व्हॉल्यूम थोडा कमी केला तरी वरची झळाळी किंचित उतरते, तसेच केबल फार लांब असेल तरीही उतरते. म्हणून तीन ते पाच मीटरची चांगली केबल पुरेशी आहे.

अँप्लिफायरवर मात्र एका चुकीपासून सावध राहावे लागते. खोलीत एकट्याने वाजवताना मधला पट्टा कापून खालचा आणि वरचा वाढवला की आवाज भव्य वाटतो, आणि ढोल, गिटार व गायन सुरू होताच तोच बेस नाहीसा होतो. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि लहान स्पीकरला तो नीट वाजवताच येत नाही. कान त्याचे उपस्वर ऐकून तो स्वर ओळखतो. त्यामुळे आवाज हरवत असेल तर खालचा पट्टा वाढवण्याऐवजी ७०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास थोडी वाढ करून पाहावी, आणि आवाज दलदलीसारखा गढूळ वाटत असेल तर २०० ते ३०० हर्ट्झच्या भागात थोडी घट करावी. एकट्याने ऐकताना हा आवाज जरा उद्धट वाटेल. निर्णय मात्र सगळे वादक एकत्र वाजत असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून द्यावा.

हाताला येणारी भावनाही नादाइतकीच विचारात घ्यावी लागते. पारंपरिक प्रिसिजनचा नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तो तुकडा) सुमारे ४४ मिलिमीटर रुंद असतो, तर फेंडरच्याच जॅझ बेसचा सुमारे ३८ मिलिमीटर, आणि ३४ इंचांच्या स्केलमुळे (नट ते ब्रिज या तारेच्या लांबीमुळे) पहिल्या फ्रेट्सवर बोटे बरीच ताणावी लागतात. मनगट वाकत असेल तर खांद्यावरचा पट्टा आखूड करून नेक थोडा वर उचलावा. पहिल्या चार फ्रेट्सवर चौथे बोट दमत असेल तर तिथे पहिले, दुसरे आणि चौथे बोट वापरून तिसरे बोट आधाराला ठेवण्याची डबल बेसवादकांची पद्धत स्वीकारावी. एवढे करूनही रुंद नेक दुखवत राहिला, तर अरुंद नेकचा प्रिसिजन शोधणे रास्त आहे. पिकअप बदलण्याचा विचारही याच टप्प्यावर, तारा, उंची आणि हाताची जागा यांची प्रत्येक नोंद कागदावर असताना करावा, म्हणजे नव्या पिकअपकडून नेमके काय हवे आहे हे एका वाक्यात सांगता येईल.