आडवं झालेलं झाड कापताय? कटर चालवताना या चुका टाळा

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवून गेलं. त्या पावसाळ्यात आमच्या वाडीत पेट्रोलवरचे चेनसॉ, म्हणजे आपले कटर, घरोघर आले. तेव्हापासून दर पावसाळ्यात मी त्याच त्या चुका बघतोय, म्हणून हे लिहायला बसलो.

सगळ्यात जिवावरची चूक म्हणजे मुळासकट पडलेल्या झाडाला निपचित पडलेलं लाकूड समजणं. उभं झाड तोडताना माणूस जपून असतो, आडव्या झाडावर बिनधास्त चढतो. पण अशा झाडाची अर्धी मुळं अजून जमिनीत घट्ट असतात आणि उपटलेल्या मुळांचं मातीसकट ताट खोडाच्या वजनाने तोललेलं असतं. खोड कापलं की ते वजन गेलं.

निसर्गनंतर चौथ्या दिवशी मी पाणंदीवर पडलेला फणस कापत होतो. मुळांचं ताट पुरुषभर उंच उभं राहिलेलं आणि त्याच्यापुढे खड्डा. काका त्या खड्ड्यात उतरून, मुळांच्या सावलीत पान लावत बसले होते. चुन्याची डबी घरी राहिली म्हणून ती आणायला उठले. मी बुंध्यापासून हातभरावर काप घेतला होता. कटरची पट्टी, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ते लांब पातं, पाऊण खोडात गेली असेल, तोच आतून कर्र आवाज आला आणि बुंधा सरळ उभा राहिला. ताट धप्पकन खड्ड्यात जाऊन बसलं, माझ्या पायाखालची जमीन हादरली. काकांचा तांब्या आणि कोयती त्या बुंध्याखाली गेली, ती अजून तिथेच आहेत. काका परत आले आणि डबी हातात धरून त्या जागेकडे कितीतरी वेळ बघत राहिले. दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

त्या दिवसापासून मी मशीनला हात लावण्याआधी झाडाला पूर्ण फेरी मारतो. ताटाच्या पुढे-मागे माणूस, पोर, कुत्रं काहीही नको. बुंध्याला निदान दोन-अडीच मीटर खोड ठेवूनच कापतो, म्हणजे ताटाला तोलायला वजन राहतं. वर दोर लावून ताट मागच्या भक्कम झाडाला बांधतो. यात अर्धा तास जातो. तो अर्धा तास ज्याला जड वाटतो, त्याच्याबरोबर मी कामाला जात नाही.

वाकून दबलेल्या फांदीचंही तेच. आधी ओळखायचं, कुठली बाजू ताणली आहे आणि कुठली दाबली गेली आहे. दाबलेल्या बाजूने उथळ काप, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. मग ताणलेल्या बाजूने हळूहळू त्या कापापर्यंत यायचं. ताणलेल्या बाजूने थेट खोल घुसलात तर फांदी फाटून अंगावर येते, दाबलेल्या बाजूने खोल गेलात तर पट्टी चिमटीत सापडते. पट्टी अडकली की रेस देऊन ओढाओढ करणारे खूप बघितले. इंजिन बंद करा, पाचर ठोका, काप उघडा. पाचर लाकडाची घ्या, लोखंडाची नको. चेन लोखंडाला लागली तर दात जातात.

दुसरी चूक पट्टीच्या टोकाची. टोकाचा वरचा अर्धा भाग चालू असताना लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येतं. पूर्ण रेसमध्ये चेन सेकंदाला सुमारे 20 मीटर धावते, तेव्हा सावरायला वेळच मिळत नाही. एका हाताने कटर धरून व्हिडिओ काढणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून आवळलेला हवा, खांद्याच्या वर काप नको, शिडीवरून तर नकोच. चेनचा ब्रेक लागतो की नाही, हे रोज सकाळी तपासा.

मशीन हातात लटकवून ते चालू करायची दोरी ओढू नका. जमिनीवर ठेवा, मागच्या मुठीत उजवा पाय, पुढच्या मुठीवर डावा हात, ब्रेक लावलेला.

पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओतू नका. 50:1 म्हणजे लिटरभर पेट्रोलला 20 मिली ऑइल, 25:1 म्हणजे 40 मिली. कुठलं प्रमाण लागतं ते मशीनच्या पुस्तकात असतं, दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून मी मिश्रण त्या दिवसापुरतंच करतो. चेनला वंगण देणाऱ्या वेगळ्या टाकीत गॅरेजमधलं जळकं ऑइल घालायची सवय तर सोडाच. त्यात धातूचा कीस असतो आणि तेच अंगावर उडतं. चेनला ऑइल पोचतंय का, हे पांढऱ्या गोणीच्या वर अधांतरी टोक धरून रेस दिल्यावर कळतं. गोणीवर ऑइलची रेघ उमटली पाहिजे.

ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडायला लागला की चेन बोथट झाली. किनाऱ्यावरच्या नारळाच्या खोडात रेती अडकलेली असते, तिथे हे लवकर होतं. अशा वेळी अंगाचा भार टाकून दाबणारा माणूस दमतो आणि घसरतो. मी दर दुसऱ्या टाकीला गोल कानस फिरवतो. माझ्या चेनला 4.8 मिलीमीटरची लागते, लहान मशीनला बहुधा 4 ची.

लुंगी आणि स्लिपर घालून कटर धरू नका. गरम इंजिनात पेट्रोल भरू नका. झाड विजेच्या तारेला टेकलं असेल, तर वायरमन लाइन बंद करून समोर उभा राहीपर्यंत जवळ जाऊ नका, गावात चार दिवस वीज नसली तरी.

आणि एकट्याने जाऊ नका. काका अजून माझ्याबरोबर येतात, पण आता सावली शोधत नाहीत. कानाला आवाज अडवणारे मफ असल्यामुळे मला हाक ऐकू येत नाही, म्हणून ते मला दिसतील असे लांब उभे राहतात. त्यांनी पंचा वर केला की मी रेस सोडतो.