जुन्या गाडीतील स्टिअरिंगवरची बटणे बिघडली, तर दोष कसा शोधावा

आवाज कमी-जास्त करण्याची, गाणे बदलण्याची आणि फोन उचलण्याची स्टिअरिंगवरील बटणे आठ-दहा वर्षांच्या वापरानंतर त्रास देऊ लागली, की बहुतेक गाडीमालक एकतर ती वापरणेच सोडून देतात, नाहीतर अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जाऊन नवा स्टिरिओ बसवून घेतात. माझ्या २०१३ च्या हॅचबॅकबाबत मी दुसरी चूक केली. ताम्हिणी घाटात डावे वळण आले, की आवाजाचे बटण निकामी व्हायचे आणि गाडी सरळ झाली, की पुन्हा चालायचे. एवढी स्पष्ट खूण समोर असूनही दुकानदाराच्या सांगण्यावरून मी स्टिरिओ बदलला, आणि नव्या स्टिरिओवरही तेच घडत राहिले. दोष स्टिअरिंगच्या आत फिरणाऱ्या एका पट्टीत होता आणि तो हॉर्नने कधीच सांगितला होता, कारण त्याच वळणांवर हॉर्नही अधूनमधून मुका व्हायचा.

म्हणून या लेखाचा सारा भर सुटे भाग बदलण्यावर नसून दोष ओळखण्यावर आहे. ही बटणे केवळ चैनीची आहेत असेही कोणी समजू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरते, आणि कायदा बाजूला ठेवला तरी रस्त्यावरची नजर न हटवता फोन उचलता येणे ही सुरक्षिततेचीच गोष्ट आहे.

पहिली पायरी : गाडी उभी करून नोंद करावी

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा, कागद आणि पेन घ्यावे आणि स्टिअरिंगवरील प्रत्येक बटण एकेक करून दाबावे. कोणते बटण चालते, कोणते चालत नाही आणि कोणते दाबल्यावर भलतेच काम होते, या तीन गोष्टी लिहून काढाव्यात. नंतर हेच काम रेडिओवर, पेनड्राइव्हवर आणि ब्लूटूथवर असे तीन वेळा करावे.

या तीन फेऱ्यांना महत्त्व आहे. आवाज कमी-जास्त करण्याचे काम बहुतेक जुन्या गाड्यांत स्टिरिओ स्वतः करतो. पेनड्राइव्हवरचे पुढचे गाणेही तोच लावतो. ब्लूटूथवर मात्र ‘पुढचे गाणे’ दाबले, की स्टिरिओ फोनला फक्त निरोप पाठवतो आणि गाणे बदलण्याचे काम फोन करतो. त्यामुळे पेनड्राइव्हवर गाणे बदलते, पण ब्लूटूथवर बदलत नाही, असे असेल तर स्टिअरिंग, तारा आणि बटणे ठणठणीत आहेत. दोष फोन आणि स्टिरिओ यांच्या संवादात आहे. तिन्ही ठिकाणी तेच बटण दगा देत असेल, तर फोनचा काही संबंध नाही आणि दुसरी पायरी सोडून थेट तिसरीकडे वळावे.

याच वेळी स्टिरिओवरचे स्वतःचे बटण किंवा गोल खुंटीही फिरवून पाहावी. तिथूनही आवाज बदलत नसेल, तर दोष स्टिरिओत आहे आणि स्टिअरिंगला हात लावण्याची गरज नाही.

दुसरी पायरी : फोनचा दोष फोनमध्येच शोधावा

गाडीच्या यादीतून फोनचे नाव आणि फोनच्या यादीतून गाडीचे नाव, अशी दोन्हीकडची नोंद पुसून नव्याने जोडणी करावी. एकाच बाजूची नोंद पुसली, तर जुना धागा अर्धवट राहतो आणि जोडणी पुन्हा अडखळते. जुन्या स्टिरिओंची स्मरणशक्ती मोजक्याच फोनपुरती असते. विकलेल्या, हरवलेल्या आणि पाहुण्यांच्या फोनची नावे त्यात साचलेली असतील, तर तीही काढून टाकावीत.

जोडणी झाल्यावर फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावापुढील सेटिंग उघडावी. अँड्रॉइड फोनमध्ये तिथे कॉलसाठी आणि गाण्यांसाठी वेगवेगळी बटणे असतात, आणि संपर्कयादी देण्याची परवानगीही निराळी असते. गाणी वाजतात, पण कॉल फोनवरच राहतो, ही तक्रार अनेकदा यांपैकी एक बटण बंद असल्यामुळेच येते. फोन नवा आणि स्टिरिओ जुना असेल, तर अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांमध्ये (सेटिंगमधील एरवी लपवलेला भाग) ‘ब्लूटूथ एव्हीआरसीपी’ची आवृत्ती एक पायरी खाली आणून पाहावी, कारण गाणे बदलण्याचा निरोप याच नियमावलीतून जातो. एका वेळी एकच बदल करावा आणि फरक पडला नाही, तर तो पूर्ववत करावा.

घरातील दोन फोन एकाच गाडीला जोडलेले असतील, तर कोणता आधी जोडला जातो तेही पाहावे. बटण दाबल्यावर आपल्या फोनवर काहीच होत नाही, तेव्हा मागच्या सीटवर बसलेल्या व्यक्तीच्या फोनला तो निरोप जात असण्याचा संभव असतो. मनगटावरचे स्मार्टवॉचही कॉलचा आवाज स्वतःकडे ओढून घेऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल जुन्या स्टिरिओच्या बटणाने उचलला गेला नाही, तर मात्र लगेच दुरुस्ती काढू नये. आधी साधा कॉल करून खात्री करावी.

तिसरी पायरी : भलतेच काम करणारे बटण

‘आवाज वाढवा’ दाबले आणि गाणेच बदलले, असे झाले की स्टिरिओचे डोके फिरले आहे असे वाटते, पण तसे नसते. बहुतेक जुन्या गाड्यांत प्रत्येक बटणासाठी वेगळी तार नसून सगळी बटणे एक-दोन तारांवरच बसवलेली असतात. प्रत्येक बटण दाबल्यावर त्या तारेत वेगळ्या मापाचा विद्युतरोध जोडला जातो आणि त्या मापावरून कोणते बटण दाबले गेले, हे स्टिरिओ ताडतो. समजा, ‘आवाज वाढवा’साठी १०० ओहम आणि ‘पुढचे गाणे’साठी ३३० ओहम ठरलेले आहेत. बटणाखालच्या संपर्कबिंदूवर मळ बसून २०० ओहमची भर पडली, तर स्टिरिओला १०० ऐवजी ३०० ओहम दिसतात आणि तो प्रामाणिकपणे गाणे बदलतो. काहीही न दाबता आवाज आपोआप वाढत जात असेल, तर एखादे बटण आत चिकटून राहिले आहे असे समजावे.

हा मळ कुठून येतो, तर बराचसा आपल्याच हातून. धुलाई केंद्रात डॅशबोर्डला चकाकी आणणारे तेलकट पॉलिश स्टिअरिंगवर सरळ फवारले जाते आणि ते बटणांच्या फटींतून आत उतरते. २०२० पासून अनेकांनी सॅनिटायझरने स्टिअरिंग पुसले. त्यातील ग्लिसरीन मागे चिकट थर ठेवते. कोकणातील दमट, खाऱ्या हवेत तांब्याच्या संपर्कबिंदूंवर काळपट थर लवकर चढतो, म्हणून पावसाळ्यात ही तक्रार वाढलेली दिसते.

न उघडता करता येण्यासारखा उपाय एकच आहे. गाडी बंद करावी, मऊ ब्रशने फटींतील धूळ काढावी, सुती कापडाच्या टोकाला अगदी थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बटणाच्या कडा पुसाव्यात आणि प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा दाबावे. अर्धा तास सुकू दिल्यावर पुन्हा चाचणी घ्यावी. गंज सोडवणारा तेलकट स्प्रे इथे मारू नये, कारण तो आत थर सोडतो आणि त्यावर धूळ बसते.

बटणांचा संच बाहेर काढून आतील रबरी गादी व तिच्याखालची काळी टिकली पुसणे हा याहून पक्का उपाय आहे. टीव्हीचा रिमोट ज्यांनी कधी उघडला आहे, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. मात्र अनेक गाड्यांत बटणांचा संच काढण्यासाठी आधी मधली एअरबॅग उतरवावी लागते, आणि ते काम घरी करू नये.

चौथी पायरी : स्टिअरिंग फिरवून पाहावे

माझ्या गाडीचा दोष ज्या चाचणीत दहा मिनिटांत कळला असता, ती ही. इंजिन चालू ठेवून गाडी मोकळ्या जागी उभी करावी. स्टिअरिंग सरळ असताना बटणे व हॉर्न तपासावे, मग अर्धा फेरा डावीकडे, पूर्ण फेरा, शेवटपर्यंत, आणि तसेच उजवीकडे. प्रत्येक ठिकाणी थांबून आवाजाचे बटण दाबावे आणि हॉर्नला हलका स्पर्श करावा.

स्टिअरिंग फिरते, पण त्यामागचा दांडा धरून ठेवणारा भाग फिरत नाही. या दोहोंमध्ये तारा तुटू नयेत म्हणून एका गोल डबीत लांब, सपाट, रिबिनीसारखी केबल गुंडाळलेली असते. गॅरेजमध्ये तिला क्लॉक स्प्रिंग किंवा स्पायरल केबल म्हणतात. स्टिअरिंग वळवताना ती घट्ट होते आणि सैल होते, आणि हजारो वळणांनंतर तिच्यातील एखादी तांब्याची रेघ चिरते. चीर असलेली जागा ताणली गेली, की संपर्क तुटतो आणि सैल झाली, की जुळतो. म्हणूनच स्टिअरिंगच्या ठरावीक कोनात बटणे बंद पडत असतील, तर संशय क्लॉक स्प्रिंगवरच घ्यावा.

बटणे, हॉर्न आणि एअरबॅग या तिन्हींच्या तारा याच रिबिनीतून जातात. बटणांबरोबर हॉर्न गेला असेल आणि मीटरवर एअरबॅगचा दिवा सतत पेटत असेल, तर हा विषय गाण्यांचा राहिलेला नाही. तो दिवा पेटला असताना अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री देता येत नाही. अशी गाडी लांबच्या प्रवासाला काढू नये.

पाचवी पायरी : दिव्यांची चाचणी

ही चाचणी फार थोडे लोक करतात, आणि ती एका मिनिटाची आहे. रात्री बटणे बिघडतात आणि दिवसा चालतात, असे वाटत असेल, तर हेडलाइट लावून आणि बंद करून तीच बटणे दाबून पाहावीत. बटणांमागचे बारीक दिवे आणि बटणांचे संकेत पुष्कळदा एकाच अर्थिंगवरून, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवरून, परततात. अर्थिंगचा सांधा गंजलेला असेल, तर दिवे लागताच त्या तारेवर थोडा विद्युतदाब साचतो आणि स्टिरिओचे माप चुकते. असे आढळल्यास ऑटो इलेक्ट्रिशियनला नेमके हेच सांगावे. अर्थिंगचा सांधा घासून पुन्हा आवळणे हे लहानसे काम आहे.

बाहेरून बसवलेला स्टिरिओ असेल तर

कंपनीचा मूळ स्टिरिओ काढून अँड्रॉइड स्क्रीन बसवलेली असेल, तर स्टिअरिंगची बटणे तिला शिकवावी लागतात. सेटिंगमध्ये स्टिअरिंगचा पर्याय उघडावा, जुनी नोंद पुसावी, स्क्रीनवर एखादे काम निवडावे, स्टिअरिंगवरील बटण दाबून धरावे आणि स्क्रीनने ते ओळखल्यावर पुढच्याकडे जावे. सगळी बटणे झाल्यावर नोंद जतन करण्यास विसरू नये. शिकवताना इंजिन चालू आणि स्टिअरिंग सरळ ठेवावे.

फोन उचलण्याची बटणे ओळखलीच जात नसतील, तर ती दुसऱ्या तारेवर असून ती तार मागे मोकळी सोडलेली असू शकते. स्क्रीनच्या मागे ‘की वन’ आणि ‘की टू’ अशा दोन तारा असतात आणि घाईत एकच जोडली जाते. गाडी बंद केल्यावर दर वेळी घड्याळ आणि रेडिओची स्टेशने पुसली जात असतील, तर पिवळ्या तारेला कायमचा बारा व्होल्टचा पुरवठा मिळत नाही असे समजावे. लाल तार किल्लीबरोबर चालू होणारी असते, आणि या दोघींची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. काही गाड्यांत बटणांचे संकेत कॅन बस या अंकीय मार्गाने जातात. तिथे ते संकेत उलगडणारा त्या गाडीचा डीकोडर लागतो आणि त्याशिवाय कितीही शिकवले, तरी उपयोग होत नाही.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे आणि स्टिरिओ बाहेर काढलेला आहे, त्यांनी त्याच्या मागच्या प्लगवर बटणांची तार आणि तिचे अर्थिंग यांमधील ओहम मोजावेत. बटण दाबून धरले असता आकडा स्थिर राहिला पाहिजे आणि प्रत्येक बटणाचा आकडा वेगळा आला पाहिजे. बटण दाबलेले ठेवून स्टिअरिंग सावकाश फिरवताना आकडा उड्या मारू लागला, तर चौथ्या पायरीवरील संशय पक्का झाला. स्टिरिओची पिवळी तार वेगळी, पण स्टिअरिंगकडे जाणाऱ्या पिवळ्या आवरणातील तारा किंवा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो. त्याला मल्टिमीटर कधीही लावू नये.

बॅटरी काढण्यापूर्वी

बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काही मिनिटे काढून ठेवल्याने गोठलेला स्टिरिओ कधीकधी ताळ्यावर येतो. मात्र होंडासारख्या काही कंपन्यांच्या जुन्या मूळ स्टिरिओंना वीज तुटल्यावर चोरीविरोधी कोड मागण्याची सवय असते. तो कोड गाडीच्या पुस्तिकेतील कार्डावर मिळतो का, हे आधी पाहावे.

गॅरेजमध्ये काम देताना

क्लॉक स्प्रिंग बदलायची ठरली, तर मेकॅनिकशी आधी स्पष्ट बोलून घ्यावे. पुढची चाके सरळ असावीत, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे आणि मगच एअरबॅगला हात लावावा, कारण तिच्या यंत्रणेत वीज काही काळ साठून राहते. काढलेली एअरबॅग कापडी किंवा प्लास्टिकची दर्शनी बाजू वर करून ठेवावी. नवी क्लॉक स्प्रिंग मध्यावर आणूनच बसवावी लागते. ती एका बाजूला सरकलेली राहिली, तर पहिल्याच पूर्ण वळणावर रिबीन तुटते. नव्या भागाला मध्य धरून ठेवणारी छोटी खिट्टी असेल, तर भाग जागेवर बसेपर्यंत ती काढू देऊ नये.

गाडी ताब्यात घेताना किल्ली फिरवून एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझतो का, ते पाहावे. नंतर स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत आणि उजवीकडे शेवटपर्यंत नेऊन प्रत्येक ठिकाणी हॉर्न व बटणे तपासावीत, घरच्यांना एक फोन करायला सांगून तो स्टिअरिंगवरून उचलून-ठेवून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.