पोराचं पाणी जोखायचं कसं

मे महिना आला की साताऱ्यात फुटबॉलच्या समर कॅम्पचे फ्लेक्स लागतात आणि कॅम्प संपला की प्रत्येक कोचपुढं तोच प्रश्न, साठातली अठरा पोरं ठेवायची कुठली. मी बरीच वर्षं बारक्या पोरांची बॅच घेतोय. सुरुवातीला माझं गणित एकदम सोपं होतं, उंच आहे, पळतंय, किक लांब जातीय, घ्या आत. एक पोरगं होतं, बारा वर्षाचं पण मिसरूड फुटलेलं, मॅचला चारपाच गोल ठरलेले, बॉल पुढं ढकलायचा आणि मागनं सुटायचं, कोण धरणार त्याला. आम्ही सगळे खूष. पंधराव्या वर्षी बाकीची पोरं त्याच्याएवढी झाली, पळायलाही लागली आणि ह्याला पास द्यायला तर कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणजे मीच शिकवलं नव्हतं. दहावीनंतर ग्राउंडवर यायचं बंद झालं ते.

तर पहिलं काम, बॉल काढायच्या आधी जन्मतारखा काढा. आपल्याकडं वयोगट १ जानेवारीवर ठरतो, म्हणजे जानेवारीतलं पोरगं आणि त्याच वर्षीचं डिसेंबरातलं पोरगं एकाच गटात, जवळजवळ वर्षाचा फरक, आणि त्या वयात वर्षभर म्हणजे लय झालं. युरोपातल्या अकॅडम्यांच्या याद्या बघितल्या तर वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतली पोरं हमखास जास्त निघतात, शेवटच्या तीन महिन्यांतली कमी. देव काय जानेवारीतच टॅलेंट वाटत नाही, निवडणारे फसतात एवढंच. आपल्याकडं पूर्वी मास्तर शाळेत घालताना सरळ १ जून लिहायचे, त्यामुळं निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी, ते प्रमाण आता दाखल्यांमुळं कमी झालंय, पण तारखेवर डोळे झाकून विसंबू नका. फेडरेशनच्या स्पर्धांत शंका आली तर मनगटाचा एक्सरे काढून हाडाचं वय बघतात, आपल्याला तेवढं करायची गरज नाही, आपल्याला इंची टेप पुरते.

दर तीन महिन्यांनी भिंतीला टेकवून उंची घ्या, वहीत लिहा. मुलांची उंची साधारण तेरा-चौदाच्या आसपास झपाट्यानं वाढते, त्या वर्षात ८-९ सेंटीमीटर आरामात, मुलींचं हे दीड-दोन वर्षं आधी होतं. आईबापाची उंचीही सेंटीमीटरमधी विचारून ठेवा, दोघांची बेरीज करायची, मुलगा असेल तर १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा, आणि निम्मं करायचं. बाप १६८, आई १५२, तर पोरगं १६६-१६७ च्या आसपास थांबणार, आठ-नऊ सेंटीमीटर इकडंतिकडं. ह्याचा उपयोग काय, तर आज १६२ असलेलं पोरगं जर १६६ ला थांबणार असेल तर त्याची उंची ही शिल्लक नाही, खर्च होऊन गेलेली गोष्ट आहे.

आणि एक, झपाट्यानं वाढताना पोरगं अचानक वेडंवाकडं खेळायला लागतं, पाय स्वतःचे वाटत नाहीत त्याला, फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्या स्पर्शात घेणं, ते बिघडतं, गुडघ्याच्या खाली नाहीतर टाचेला दुखतंय म्हणतं. त्या सहा-आठ महिन्यांत कुणालाही काढायचं नाही, हा माझा नियमच आहे. दुखतंय म्हणालं तर नाटक करतंय असं म्हणू नका, लोड कमी करा, डॉक्टरला दाखवा.

आता खरी गोष्ट. आपल्या जत्रेतल्या बारक्या पोरांच्या कुस्त्या आठवा, रेवड्यांवरच्या. तिथं कोण आधार कार्ड बघतं का? पंच दोन पोरं समोरासमोर उभी करतो, खांद्याला खांदा लावून बघतो, जोड जुळली तर कुस्ती, नाहीतर दुसरं पोरगं आण. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं अकॅडम्यांसाठी अलीकडं हेच सुरू केलं, वयाऐवजी शरीर किती वाढलंय त्यावर गट पाडून मॅच लावायच्या, बायो-बँडिंग म्हणतात. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते बँटमवेटमधी, कुस्तीला वजनगट आहेत म्हणून. फुटबॉलला नाहीत, म्हणून ट्रायलला आपणच जोड लावायची. वाढलेली पोरं एका बाजूला, बारकी एका बाजूला, त्यांच्या त्यांच्यात खेळवा, आणि मग बघा, मोठ्यांतला हिरो तिथं एकदम साधा दिसतो आणि कोपऱ्यात उभं राहणारं एखादं बारकं पोरगं ओरडून दुसऱ्यांना जागा दाखवायला लागतं.

खेळवायचं काय तर चार विरुद्ध चार. कोन लावून झिगझॅग ड्रिबल, जगलिंगचे, म्हणजे बॉल पायावर उडवत ठेवायचे आकडे, हे दोन मिनिटांत उरका, घरी यूट्यूब बघून शंभर जगलिंग करणारी पोरं मी बघितलीत ज्यांना समोर माणूस आला की बॉल दिसत नाही. पंचवीस बाय पंधरा मीटरचा चौकोन, चार-पाच मिनिटांच्या मॅच, दर मॅचला टीम बदला, मोबाईल स्टँडवर लावून शूट करा, कारण ग्राउंडवर डोळा बॉलमागंच जातो.

घरी व्हिडिओ बघताना बॉल बघू नका, मान बघा. बॉल आपल्याकडं यायच्या आधी पोरगं मागं, बाजूला किती वेळा बघतंय ते मोजा. नॉर्वेचे गेयर योर्डेट नावाचे संशोधक आहेत, त्यांनी प्रीमियर लीगचे खेळाडू ह्याच नजरेनं तपासले, फ्रँक लॅम्पार्ड दहा सेकंदात साधारण सहा वेळा मान फिरवायचा, आणि जास्त बघणाऱ्यांचे पासही जास्त पोचायचे. बारा वर्षाच्या पोरानं तेवढं करावं असं नाही, पण कुणी न सांगता दोनदा जरी बघितलं तरी नावापुढं खूण करा. मग फर्स्ट टच, बॉल नुसता थांबवतोय का पुढच्या कामाच्या दिशेनं घेतोय. मग नावडता पाय, चुकला तरी चालेल, वापरतोय का. आणि बॉल गेल्यावरची पाच सेकंद, लगेच मागं लागतोय, का कमरेवर हात ठेवून रेफ्रीकडं बघतोय. नेदरलँडच्या आयाक्स क्लबवाले टेक्निक, समज, स्वभाव आणि वेग अशा चार गोष्टी बघायचे, त्यातला वेग आम्ही सगळे पहिल्यांदा बघतो कारण तो दिसतो, स्टॉपवॉचवर येतो. दहा मीटर, तीस मीटर घ्याच टायमिंग, पण पोराची तुलना त्याच्याएवढ्या वाढलेल्या पोराशीच करा.

एका ट्रायलवर निर्णय नको. तीन तरी बघा, महिन्याभरात. पहिल्या दिवशी एक नवीन गोष्ट शिकवा, समजा बॉल घेताना अंग तिरकं ठेवायचं, आणि तिसऱ्या आठवड्यात न आठवण करता बघा कुणाच्या अंगात उतरलंय. आज किती येतंय ह्यापेक्षा तीन आठवड्यांत किती हललं, मला तरी ह्याच्यावर जास्त भरवसा वाटतो. हजेरी पण बघा पण डोकं वापरून, रहिमतपूरहून एसटीनं येणाऱ्याची एक दांडी आणि शाहू स्टेडियमजवळ राहणाऱ्याची एक दांडी सारखी नाही. ग्रेस मार्कांसाठी आलेली पोरं असतात, त्यांना हाकलू नका, त्यातलीही रमतात काही.

गोलकीपरचं मी काही सांगत नाही, ती पोरं उशिरा पिकतात, पंधराच्या आधी ठरवूच नका.

आता कुणीतरी म्हणणार, पुढं इंग्लंडकडून खेळलेल्या जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे क्लबनं सोळाव्या वर्षी बारका म्हणून काढला, पुढं फ्रान्सकडून खेळलेल्या ग्रिझमनला तिथल्याच क्लबांनी उंचीमुळं नाकारला, मग बारकी पोरं सगळी ठेवायची का? नाही हो. ती नावं आपल्याला माहीत आहेत कारण ती अपवाद आहेत. बारका असणं हा गुण नव्हे, बारका असून जोडीतल्या पोरांत उठून दिसणं हा गुण. तेवढा फरक केला तरी बास.

आणि नाही म्हणायचं असेल तर पोराला बाजूला घेऊन म्हणा, बापासमोर नको, बाप तिथंच सुरू होतो. काय कमी पडलं ते एक वाक्यात, आणि पुढं कधी यायचं त्याची तारीख कागदावर लिहून. मी सहा महिन्यांनंतरची तारीख देतो आणि त्या दिवशी उंचीची वही आधी उघडतो.