'डिसअफेक्टेड' लिहिण्याआधी या चुका टाळा

'डिस' लागला की अर्थ उलटा, हा शॉर्टकट आमच्या रत्नागिरीकडच्या मुलांना कुणीतरी लहानपणीच पाजतं आणि त्याची फळं मला स्पर्धा परीक्षेच्या वह्यांत दिसतात. 'अफेक्टेड' म्हणजे बाधित, मग 'डिसअफेक्टेड' म्हणजे अबाधित. झालं! डिक्शनरी उघडतो कोण?

यातला 'अफेक्ट' बाधेचा नाहीच. तो 'अफेक्शन'च्या घरचा, मायेचा. ज्यांच्यावर निष्ठा होती त्यांच्यावरून मन उडालं, की माणूस डिसअफेक्टेड. तिकीट कापलेला कार्यकर्ता, पगार थकलेले शिपाई, ही त्याची गिऱ्हाइकं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोलीकडच्या माड-पोफळी झोपवल्या, तेव्हाची गोष्ट. एका वाडीतल्या चाकरमान्याने मुंबईच्या एका ट्रस्टला मदतीसाठी इंग्रजीत पत्र लिहिलं. नुसतं 'अफेक्टेड' त्याला मिळमिळीत वाटलं. 'डिझास्टर'मध्ये 'डिस' येतो, तसा इथेही हवाच, असा त्याचा हिशेब. पत्रात आलं: आमच्या वाडीतली सर्व कुटुंबं 'डिसअफेक्टेड' आहेत, तरी मदत व्हावी. ट्रस्टमधल्या गृहस्थांनी सरपंचांना फोन केला, "अहो, तिकडे आंदोलन-बिंदोलन चाललंय का?" सरपंच म्हणाले, "आंदोलन कसलं, घरावर कौल नाही!" पत्र माझ्याकडे आलं, मी तीन अक्षरं खोडली आणि कौलांची संख्या लिहायला लावली. ती मूळ पत्रात नव्हतीच. अवघड शब्दाने मदत लवकर मिळते, ही समजूत कुठून येते देव जाणे.

शब्द जोखमीचा आहे, हे रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांच्या खटल्यावरून कळावं. राजद्रोहाचं १२४-अ कलम १८७० मध्ये आलं आणि ते सगळं 'डिसअफेक्शन'वरच उभं होतं. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाचा अभाव. म्हणजे पुन्हा तोच 'डिस'चा शॉर्टकट! सरकारवर प्रेम नाही, एवढ्यावर गुन्हेगार ठरायचं तर देशात सुटला कोण असता? टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी कलम बदललं आणि स्पष्टीकरण जोडलं गेलं: डिसअफेक्शनमध्ये बेइमानी आणि वैराच्या सर्व भावना येतात. नापसंती वेगळी, हेही त्यात होतं. कायद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हा फरक घोटावा. परीक्षेत 'नाराजी' लिहून मोकळं होऊ नये.

माझी सवय सांगतो. शब्द वापरण्याआधी मी विचारतो, "निष्ठा आधी होती का, आणि कोणावर?" उत्तर नसेल तर शब्द खोडायचा. सुरमईच्या थाळीत तुकडा लहान आला म्हणून गिऱ्हाईक डिसअफेक्टेड होत नाही. तो 'डिससॅटिस्फाइड'.

'डिसग्रंटल्ड' म्हणजे कुरकुरणारा, वैतागलेला. इथला 'डिस' उलटा करत नाही, जोर देतो. 'ग्रंटल' म्हणजेच कुरकुरणं.

'डिफेक्ट' वेगळं. डिसअफेक्टेड आमदार मनातून जातो, डिफेक्ट झालेला पक्षातूनच. दोन्ही पाठोपाठ होतात, म्हणून एकच समजू नका.

आणि पुरानंतरच्या अर्जात 'विहिरी डिसअफेक्ट करून मिळाव्यात' हे वाचून तर हात टेकले. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून जंतू मारतात, ते 'डिसइन्फेक्ट'. फोनने सुचवला तो शब्द घेतला, परत वाचायला सवड नाही.

क्रियापद म्हणून 'डिसअफेक्ट' क्वचितच दिसतं; वापरात 'डिसअफेक्टेड' आणि 'डिसअफेक्शन'. तेव्हा 'बॉसने मला डिसअफेक्ट केलं' असलं काही इंग्रजीत रचू नका. 'अपसेट' लिहा आणि पुढचा प्रश्न सोडवा.